नळीतला उजेड

शॅनन, आयर्लंड
१२ ऑक्टोबर २०१७

अनिमेष,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. डॉक्टरांनी तुला फोनच्या पडद्याकडे बघायला बंदी केली आहे असं पाड्रिगकडून कळलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, तुझ्या डोळ्यासाठी. त्याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस.

डोळ्याचं ऐकून वाईट वाटलं. हे वाक्य खरं आहे म्हणून लिहिलं, रीत म्हणून नाही. आता पुढचं.

आपल्या रायफल क्लबचा सेक्रेटरी म्हणून पाड्रिगने तुझ्या जबानीची प्रत मला दिली. रायफल तोंडावर उडाली त्या अपघाताबद्दल तू दोनच वाक्यं लिहिली आहेस. 'काडतुसांतली पावडर निहारिकाने मोजली होती. त्याहून जास्त मला सांगता येणार नाही.' पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं त्याच्या शेजारी ठेवलं की पहिलं खोटं होतं. तुला हे कळत नसेल असं मला वाटत नाही.

पावडर मी मोजली. बरोबर. गोळ्या तू बसवल्यास. घरी काडतुसं भरायची परवानगी नाही म्हणून गेली दोन वर्षं आपण रेंजवरच्या त्या खोलीत एका बाकावर बसून असंच करत आलो. मी चिमट्याने दाणा दाणा टाकून वजन जुळवते, तू दाबयंत्राचा दांडा ओढतोस. तुझी रायफल आणि माझी रायफल, दोन्हींच्या नळ्या क्लबच्या बंदूक-कारागिराने, कॉलमने, एकाच लेथवर बसवल्या. दोन्हींसाठी कुठली पावडर, कुठली गोळी, ती काडतुसाच्या पुंगळीत किती खोल, हे शोधायला आपल्याला एक अख्खा हिवाळा लागला. या सगळ्यात माझ्या हातून एकदाही चूक झाली नाही असं मी म्हणत नाही. या वेळी झाली नाही, एवढंच म्हणते.

तुझ्या डब्यातली उरलेली काडतुसं पाड्रिगसमोर उघडली. प्रत्येकातली पावडर वहीतल्या आकड्याशी जुळली. त्याने फुटलेल्या काडतुसाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. हे त्याला मीच सांगितलं, तो म्हणायच्या आधी.

खोलीला कुलूप लागलं आहे. सगळ्या क्लबसाठी. माझं बंदुकीचं सर्टिफिकेट जानेवारीत संपतं. नूतनीकरणाला क्लबचं पत्र लागतं, आणि चौकशी संपेपर्यंत ते मिळणार नाही. ते एक. दुसरं तुला सांगायला नको, तरी सांगते. माझा सुपरवायझर याच क्लबात आहे. मी दिवसभर विमानाचे सुटे भाग मोजते आणि खाली सही करते. सोमवारी त्याने माझी मोजमापं दुसऱ्या मुलाकडून पुन्हा तपासून घेतली. तीन वर्षांत पहिल्यांदा. वर चहा घेणार का, असं फार प्रेमाने विचारलं.

मला तीन गोष्टी सांग. काडतुसं भरल्यापासून त्या रविवारपर्यंत रायफल कुठे होती? पहिली गोळी घालण्याआधी तू नळीतून आरपार पाहिलंस का? बोल्टचा दांडा लावताना हाताला काय जाणवलं?

निहारिका

*

चेरीवूड, डब्लिन
१८ ऑक्टोबर २०१७

चि. निहारिकास अनेक आशीर्वाद.

अक्षर माझं आहे, अनिमेषच्या आईचं; शब्द त्याचे. तुझं पत्र मीच त्याला वाचून दाखवलं. तो खुर्चीत पट्टी बांधून बसला आहे आणि सांगतो ते लिहिते आहे.

निहा, रायफल घरीच होती, तिजोरीत. नळी पाहिली की नाही ते आता आठवत नाही. त्या दिवसाचं बरंच काही आठवत नाही. बोल्ट नेहमीसारखाच लागला. तू मुद्दाम काही केलंस असं मी कुठेही म्हटलेलं नाही. माणसाच्या हातून एखादा चमचा जास्त पडतो. क्लबही तेवढंच म्हणेल आणि नाताळपर्यंत सगळे विसरतील. ताणू नकोस, प्लीज. अनिमेष.

आता माझे शब्द. तो झोपला आहे.

पोरी, तुमच्या कॉलेजच्या दिवसांत तू आमच्या अमरावतीच्या घरी जेवलेली आहेस. पाटवडीचा रस्सा तीनदा मागून घेतलास आणि वर म्हणालीस, काकू, तिखट कमी आहे. तेव्हापासून तू मला आवडतेस. म्हणून तोंडावर सांगते. तू लिहिलेलं मला वाचवेना. लेकराचा उजवा डोळा जायच्या बेतात आहे आणि तू विचारतेस, हाताला काय जाणवलं?

त्या बंदुकीपायी तुम्ही दोघं किती नाचलात ते मी फोनवर ऐकत होते. मी विचारलं, एवढं काऊन? तर म्हणे, आई, केसाएवढा फरक चालत नाही. मग चालत नव्हता तर झाला कसा? माझ्या हातून तर नाही झाला. खंडेनवमीला मी तिची पूजा केली. याने ती तिजोरीतून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली, मागचा दांडा काढून दिला, आणि ऑफिसची मीटिंग आली म्हणून वर गेला. जाताना मला सांगतो, आई, आत काही जाऊ देऊ नको. मला! मी आमच्या मामंजींच्या दुनळीची पूजा वीस वर्षं केली आहे. ते जंगलखात्यात होते. कुंकू-अक्षता आत सांडू नये म्हणून तिच्या भोकांना आम्ही कापूस लावायचो, तसाच इथेही दांड्याच्या बाजूच्या भोकाला लावला. तेलात भिजवून, बोटाने चांगला आत दाबून. मीटिंग संपल्यावर याने तो काढला. एका म्हातारीने एवढं सांभाळलं. तू तर इंजिनियर.

राग आला म्हणून लिहिलं. आशीर्वाद आहेतच.

लीलावती

*

शॅनन
२७ ऑक्टोबर २०१७

काकू, नमस्कार. हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार हे धरून लिहिते आहे. तुम्ही मला विचारलंत, फरक झाला कसा. त्याचं उत्तर आज देत नाही. देईन.

अनिमेष,

आधी चमच्याबद्दल. आपण चमच्याने पावडर घालत नाही. तू दोन वर्षं माझ्या शेजारी बसला आहेस आणि तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत मी श्वाससुद्धा धरून ठेवते म्हणून मला हसला आहेस. चमचा हा शब्द तू क्लबातल्या त्या लोकांसाठी वापरलास ज्यांनी ही खोली कधी आतून पाहिलेली नाही. माझ्यासमोर वापरू नकोस.

कॉलमने तुझी नळी उभी कापली. मी तिथे होते. काडतूस बसतं त्या चेंबरच्या थोडं पुढे, जिथे गोळी खोबणीत शिरते तिथे, नळी आतून फुगली आहे. बोटात अंगठी रुतावी तशी गोल. पावडर जास्त झाली तर नळीला असं एका जागी वळं पडत नाही. गोळीच्या वाटेत काही आडवं असलं तर पडतं. वायू पुढे जाऊ शकला नाही, तो मागे तुझ्या तोंडावर आला. कॉलमच्या मते सफाईचं फडकं आत राहिलं असावं. मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कॉलमने ती नळी स्वतः बनवली, त्यामुळे क्लबची चौकशी कमिटी त्याचा शब्द धरणार नाही. ते बरोबरच आहे. मीही धरला नसता.

वाटेत काय होतं ते मला कळलं आहे. इथे लिहीत नाही, का ते तुला समजेल.

या पत्राचं उत्तर तुझ्या हाताने लिही. ओळी वाकड्या आल्या तरी चालतील.

निहारिका

*

चेरीवूड
४ नोव्हेंबर २०१७

निहा,

ओळी वाकड्या आहेत. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, पेन कागदाला टेकलं की नाही ते आवाजावरून ओळखतो. आई भाजी आणायला गेली आहे. पुढचं पत्र पाड्रिगकडे दे. तो शनिवारी मला भेटायला येतो.

हो. कापूस. मीटिंग संपवून खाली आलो, बोळा ओढला, तो आला. सगळा आला असं मला वाटलं. तिने किती दाबला होता ते मला काय माहीत? दुसऱ्या दिवशी दसरा, घरी पाहुणे, त्यानंतर रविवारी पहाटे रेंजला निघालो. नळी पाहिली नाही. संघाच्या निवडीची पहिली फेरी होती, वारा पडला होता, तो पुन्हा सुटायच्या आत मला पहिली गोळी टाकायची होती.

आणि बोल्ट जड गेला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. पण तुझी काडतुसं नेहमीच शेवटी घट्ट लागतात, निहा. गोळी खोबणीला टेकेल इतकी पुढे ठेवायची हा तुझा हट्ट. त्याने नेम एका नाण्यात बसतो, मान्य. पण त्या घट्टपणाची सवय तूच मला लावलीस. मला वाटलं, हेच ते. म्हणजे तुझा यात काहीच संबंध नाही असं नको म्हणूस.

आता ऐक. आई रोज माझ्या डोळ्यात औषध घालते. हात थरथरतो म्हणून आधी स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने धरते. तिने दाबलेल्या कापसाने हे झालं, हे तिला कळता कामा नये. ती जगणार नाही. कमिटीसमोर नळीत काहीतरी होतं म्हटलं की पुढचा प्रश्न, काय होतं, रायफल कोणाच्या हातात होती. बंदूक तिच्याजवळ सोडून मी वर गेलो, हे पोलिसांच्या कानावर गेलं तर माझं सर्टिफिकेट जाईल. जाऊ दे. पण माझा नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. त्यात चारित्र्य बघतात. आठ वर्षं मी या एका कागदासाठी इथे काढली आहेत.

तुझं काय जाईल? एखाद्या वर्षाचं नूतनीकरण. तू एकटी आहेस, हुशार आहेस, तुला लोक परत घेतील. शेवटी हा छंद आहे. चौकशीत 'मोजण्यात चूक झाली असू शकते' एवढंच म्हण, सगळं ग्रँड होईल, इथले म्हणतात तसं.

रागावू नकोस.

अनिमेष

*

शॅनन
१० नोव्हेंबर २०१७

अनिमेष,

हे पत्र बंद पाकिटात पाड्रिगच्या हाती दिलं आहे. त्याने आत काय आहे असं विचारलं नाही. तुझ्याबद्दल त्याला अजूनही वाईट वाटतं. माझ्याकडे तो बघत नाही.

रागावू नकोस, असं तू शेवटी लिहिलंस. मी रागावले आहे. आवाज चढवत नाही, म्हणून लोकांना ते दिसत नाही. तुला पंधरा वर्षांच्या ओळखीनंतर दिसायला हवं होतं.

घट्टपणाबद्दल. घट्ट आणि जड यांतला फरक तुला माझ्याइतकाच माहीत आहे. घट्ट म्हणजे दांडा शेवटच्या वळणावर दोन बोटांना कळतो. जड म्हणजे तळहात लावावा लागतो. तू तळहात लावलास का? उत्तर मला नको. तुझं तुला दे. पहिल्या दिवशी कॉलमने आपल्याला दोघांना एकच गोष्ट शिकवली होती: बोल्ट काही सांगत असेल तर थांबा. वारा सुटेल म्हणून तू थांबला नाहीस. ही चूक आहे. चूक कुणाच्याही हातून होते, आणि तिची शिक्षा तू माझ्यापेक्षा फार जास्त भोगतो आहेस. त्यासाठी मी तुझ्यावर रागावलेले नाही.

राग जबानीचा आहे. कमिटीने विचारलं तेव्हा तुला कापूस आठवत होता, बोल्ट आठवत होता, आणि तू माझं नाव लिहिलंस. एक डोळा बांधलेला असताना, एवढ्या वेदनेत, कोणाचं नाव पुढे केलं तर चालेल हे तू बरोबर शोधलंस. ही एकटी आहे. हिचा नवरा येऊन भांडणार नाही. ही ओरडणार नाही. हिशेब अगदी अचूक होता. माझ्या मोजमापात मी एवढं अचूक क्वचित पाहिलं आहे.

छंद म्हणालास. ठीक. मग ही छंदाची गोष्ट समजू. तू मला असं सांगतो आहेस की माझं मोजणं चुकलं असं मी स्वतः म्हणावं. मी दुसरं काय करते रे? घरी, कारखान्यात, त्या बाकावर? मी मोजते आणि मी मोजलेलं खरं असतं. यापलीकडे या देशात माझं काहीही नाही. खोटं तुझं आणि खाली सही माझी, हे होणार नाही.

तुझ्या आईबद्दल तू लिहिलंस ते मला कळलं. तिचं मनगट धरणंही कळलं. म्हणून हे लिहिते, आणि नीट वाच. काकूंचं ते पत्र माझ्याकडे आहे. कापसाचं सगळं त्यात आहे, त्यांच्याच हाताने. ते मी कमिटीला दाखवणार नाही. तू बोललास तरी नाही आणि बोलला नाहीस तरी नाही. हे तुला आत्ताच सांगून टाकते आहे, म्हणजे तुझ्या मनात भीती राहायला नको. पंचवीस तारखेला चौकशी आहे. तू गप्प बसलास तर माझ्याकडे कॉलमची नळी सोडून काही नसेल आणि मी हरेन. हे ठाऊक असताना तू काय करतोस, ते मी समोर बसून बघणार आहे.

तुला फार बोलावं लागणार नाही. नळी पाहिली नाही, बोल्ट जड गेला, तरी मी लावला. एवढं तुझं आहे. आत काय होतं असं विचारलं तर काय सांगायचं ते तू ठरव. त्यात मला घेऊ नकोस.

निहारिका

*

अमरावती
२० डिसेंबर २०१७

चि. निहारिकास अनेक आशीर्वाद.

मी परत आले. थंडी तिथल्यापेक्षा इथे बरी. अनिमेषला त्या डोळ्याने आता उजेड-अंधार कळतो, माणसाचा आकार कळतो. डॉक्टर म्हणतात यापुढे एवढंच.

क्लबच्या चौकशीच्या सभेला त्याला गाडी चालवता येत नव्हती म्हणून शेजारचे लोक घेऊन गेले, सोबत मीही होते, मागच्या खुर्चीवर. तू समोर बसली होतीस, निळा स्वेटर. तू मला नमस्कार केलास आणि जवळ आली नाहीस. तेव्हा मला राग आला. तुमचं इंग्रजी भराभर चाललं होतं. पण तो उभा राहिला आणि बॅरल म्हणाला, बोल्ट म्हणाला, आणि मग तुझं नाव घेऊन काहीतरी म्हणाला, तेव्हा सगळी माणसं तुझ्याकडे वळली. तू खाली टेबलाकडेच बघत होतीस. तुझ्या पाठीवर कुणी तरी थाप मारली तशी तू दचकलीस. मला वाटलं, या पोरीला किती दिवसांत कुणी हात लावला नसेल.

गाडीत त्याला विचारलं, काय सांगितलंस? म्हणाला, नळी बघायची राहिली होती आई, माझी चूक, निहारिकाची नव्हती. मी म्हटलं, नळीत काय होतं? म्हणाला, पुसायचं फडकं. आणि नाक खाजवलं. लहानपणी शाळा बुडवून यायचा तेव्हा असंच नाक खाजवायचा.

बंदुका त्याने सोडल्या. परवान्याचा कागद परत केला. आत काय होतं ते क्लबवाल्यांनी पुढे विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. त्याचा तो दुसरा मोठा अर्ज अजून अडकलेला आहे.

आता मी तुला विचारते. आमचे मामंजी पूजा झाल्यावर दुनळी उघडायचे, कापूस काढायचे, आणि ती खिडकीकडे उंच धरून एक डोळा मिटून बघायचे. मग खाली ठेवायचे आणि पान लावायला घ्यायचे. वीस वर्षं मी ते पाहिलं. मला वाटायचं, ते बंदूक देवाला दाखवतात. त्या दिवशी डब्लिनला मी टेबलासमोर हात जोडून बसले होते. अनिमेषने कापूस काढला तेव्हा मनात आलं होतं, याला खिडकीकडे धरायला सांगावं का. मग म्हटलं, राहू दे, आजकालच्या मुलांना रीत सांगितली की चिडतात.

घरात मला सगळे फडकंच सांगतील. तू खोटं लिहीत नाहीस. तू म्हणाली होतीस, उत्तर देईन.

लीलावती

*

शॅनन
१९ ऑक्टोबर २०१८

ती. लीलावती काकूंस सा. न.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला जवळजवळ वर्ष लागलं. खोटं लिहिता येत नव्हतं आणि खरं लिहायला घेतलं की कागद फाडत होते. माफी मागते.

सभेत विचारलं होतं. अनिमेषने तिथेही फडकं सांगितलं. कुणी पुढे खोदलं नाही, कारण बाकीचं त्याने सगळं कबूल केलं होतं. जानेवारीत मला नूतनीकरणासाठी क्लबचं पत्र मिळालं. भरायच्या खोलीचं कुलूप उन्हाळ्यात निघालं. पहिल्या शनिवारी पाड्रिग माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला आणि म्हणाला की त्याने मला आधी विचारायला हवं होतं. मी हो म्हटलं. मग आम्ही पुंगळ्या साफ केल्या. कारखान्यात माझी मोजमापं आता पुन्हा कुणी तपासत नाही.

तुम्ही विचारलेलं. हो, कापूस होता. सगळा निघाला नव्हता, आत खोल थोडा राहिला होता, आणि काडतुसाने तो आणखी पुढे ढकलला.

हे वाक्य लिहून मी थांबले आहे, म्हणजे तुम्हीही थांबा. आता पुढचं वाचा.

तुमचे मामंजी बंदूक देवाला दाखवत नव्हते. ते नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघत होते. कापूस लावणं घरातल्यांचं काम होतं आणि ते दर वर्षी नीट होत होतं. काढून बघणं हे बंदूक उडवणाऱ्याचं काम होतं. ते त्यांनी वीस वर्षांत एकदाही कुणावर सोपवलं नाही, तुमच्यावरही नाही. तुम्ही तुमचं काम केलंत. आत काही जाऊ देऊ नको, एवढंच तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही काही जाऊ दिलं नाहीत. कापसाने डोळा जात नाही, काकू. न बघितल्याने जातो. हे मी तुमचं मन राखायला लिहिलेलं नाही. तसं असतं तर मीही फडकंच लिहिलं असतं, आणि ते गेल्या वर्षीच लिहून झालं असतं.

काल इथे खंडेनवमी केली. मला पूजा येत नाही. बोल्ट काढला, रायफल खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटला. बाहेर पाऊस होता, तरी पलीकडे गोल, पांढरं दिसलं. मग कारखान्यातला मायक्रोमीटर शेजारी ठेवला आणि दोन्हींना कुंकू लावलं. कापूस लावला नाही.

अनिमेष दर महिन्याला पत्र पाठवतो. अक्षर सरळ येऊ लागलं आहे. मी वाचते, उत्तर देत नाही. त्याने सभेत माझं नाव मोकळं केलं, त्याबद्दल मी त्याची ऋणी नाही. माझं होतं तेच त्याने परत केलं. तुम्ही त्याच्याशी बोलाल तेव्हा त्याला एवढं सांगा, की त्याच्यावरचा माझा राग कापसाचा नाही, आणि तो गेलेला नाही.

रस्स्याला तिखट खरंच कमी होतं.

निहारिका